कायमची निरुपयोगी

“वाच गो, दर्शना. मला इंग्लिश कुठला येता?”

मजीदचाचांनी कानस खाली ठेवली, हात लुंगीला पुसले आणि कागदाला बोटही न लावता ते माझ्या तोंडाकडे बघत बसले.

कागद मीच टाईप केला होता, पण तो या माणसासमोर मोठ्याने वाचावा लागेल हे डोक्यात आलं नव्हतं. मी मराठीत सांगायला लागले. नालबंद मजीद लिहून देतो की, वरवडेकरांच्या घोडीला नाल ठोकताना त्याच्या हातून खिळा खुराच्या जिवंत भागात गेला, आत पू झाला आणि घोडी कायमची निरुपयोगी झाली. खाली सही.

“कोन? बेगम?”

घोडीचं खरं नाव ब्रँडी. चाचा पाच वेळचे नमाजी, ते नाव तोंडात कसं घेणार? त्यांनी तिचं परस्पर बारसं उरकून टाकलं होतं.

“तिला काय झालाय? दोन म्हयन्यामागं मीच नाल बदलली. ठणठणीत होती.”

“तिला काही झालेलं नाही, चाचा. हे फक्त इन्कम टॅक्ससाठी आहे.”

आमच्या ऑफिसात हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी कानावर येतं. रितेशसर रत्नागिरीतले नावाजलेले करसल्लागार, आणि वरवडेकर त्यांचं सगळ्यात जड गिऱ्हाईक. मालगुंडच्या पुढे त्यांचं रिसॉर्ट आहे. लेकीला, सानवीला, घोड्यावर बसून अडथळ्यांवरून उड्या मारायची हौस आली, म्हणून शेठनी पुण्याहून घोडी आणली आणि कागदावर ती रिसॉर्टच्या पाहुण्यांना समुद्रावर फिरवायला लावली. एकही पाहुणा तिच्यावर कधी बसला नाही. सानवीचे गुडघ्यापर्यंतचे बूट आम्ही ‘कर्मचाऱ्यांचा गणवेश’ म्हणून दाखवले, तिच्या स्पर्धांना ‘प्रचार दौरा’ म्हटलं. माझ्या पगारातून मात्र कर न विसरता कापला जायचा. त्या मुलीच्या बुटांचा मला इतका राग यायचा की बिल फाईलला लावताना मी टाचणी उगाच दोनदा टोचायचे.

आता सानवी ऑस्ट्रेलियाला शिकायला गेली. शेठनी घोडी लोणावळ्याकडच्या कुणाला रोखीत विकली. धंद्यातलं जनावर मेलं किंवा कायमचं निरुपयोगी झालं, तर त्याची किंमत उत्पन्नातून वजा होते, असा कायदा आहे. तेव्हा घोडीने लंगडं व्हायचं, असं ठरलं. आणि ती आपोआप कशी लंगडी होईल? कुणाच्या तरी हातून व्हायला हवी.

“ह्यो कागद कोन बघनार?” चाचांनी विचारलं.

“कुणी नाही. फाईलमध्ये राहणार.”

“कोन बघनार नाय, तर मग खरा लिवा की.”

मी बावळटासारखं सांगितलं की शेठ यापुढेही तुम्हाला सांभाळून घेतील.

“बाजांनी, माझ्या बापानं, टांग्यांचे घोडे केले, मी बैल केले. बैल गेले, तर ह्ये किनाऱ्यावरचे घोडे करतो. चाळीस वर्सं झाली. एका जनावराला रगत नाय काढला.” चाचा रागावले नव्हते, समजावून सांगत होते. “ह्यावर माझा नाव घालू नको, बाय. दुसरा काय पन सांग.”

आतून सकिनाचाची चहा घेऊन आल्या. मी तो उभ्याउभ्या प्यायले आणि बिनसहीचा कागद घेऊन निघाले. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं.

रितेशसरांनी कागद बघितला आणि हसले. “सही देत नाही? नालबंद आणि सही करणार? त्याचा अंगठाच शोभतो.” त्यांनी शाईचं पॅड ओढलं, स्वतःचा डावा अंगठा टेकवला आणि तोच कागदावर उमटवला. “पायाचा उल्लेख राहिला. कुठला घालू?”

“पुढचा डावा,” मी म्हणाले.

का म्हणाले? त्यांनी विचारलं म्हणून. तिथेच राजीनामा देऊन उठायला हवं होतं. मी उठले ती सरांना हात पुसायला फडकं द्यायला.

कागद नुसता फाईलमध्ये राहिला असता, तर मी हे गिळून टाकलं असतं. पण उद्या कुणी चौकशीला आलं तर चार लोकांच्या तोंडी तीच गोष्ट असावी, म्हणून शेठच्या मॅनेजरने ती गणपतीपुळ्यापासून मांडवीपर्यंत सगळ्या घोडेवाल्यांना सांगितली. मजीदचा हात आता थरथरतो, लाखांची घोडी लंगडी केली. घोडेवाले घाबरले. एक घोडा गेला तर त्यांचं घर बसतं. त्यांनी कोल्हापूरहून दुसरा नालबंद बोलवायला सुरुवात केली.

हे मला कळलं तेव्हा मी रजा न टाकता सरळ चाचांकडे गेले. ते ओट्यावर बसले होते. भाता बंद होता. मी सगळं सांगितलं. अंगठा कोणाचा, कागद कोणी टाईप केला, सगळं. सकिनाचाची दारात उभ्या राहून मला नको नको ते बोलल्या, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

चाचा मात्र भलतंच विचारत होते. “पाय कुठला लिवलाय?”

“पुढचा डावा. पण चाचा, तो मी असाच सांगितला. तोंडाला आला तो.”

“पुढचा डावा.” त्यांनी डोळे मिटले आणि मांडीवर बोट टेकवत एकेक खिळा मोजायला लागले. सहापर्यंत बोट सरळ गेलं, मग थांबलं. “सातव्याच्या टायमाला तिनं पाय वडला होता. मी परत धरला नि मारला. तवा ती हलली नाय. हलली काय?”

“चाचा, घोडी धडधाकट आहे. ते सगळं खोटं आहे हो!”

“हां गो, तू खोटा लिवलास, ता मला कळला.” त्यांनी डोळे उघडले. “पन एकदा चालवून बघाय होवी होती. आता कुठं हाय ती? कोनाला इचारून सांगशील, चालते कशी?”

मी हो म्हणाले. विचारणार कुणाला? घोडी विकल्याचा एक चिटोराही फाईलमध्ये नव्हता.