साहेबरावांचं पितळी गोमुख

एका लोखंडी पाइपात साहेबरावांना काय काय मिळायचं होतं, ते बघा: पंचायतीतली जागा, वर पुण्य, आणि आंघोळीला येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर रोज स्वतःचं नाव.

दुष्काळात आष्टीजवळच्या आमच्या गावात बोअर मारलं, तर पाणी लागलं कोमट आणि खारट. पिकाला नालायक, पण गुडघ्यांना गुणकारी, असं गावातल्या म्हाताऱ्या चांगुणाबाईंनी ठरवलं; मग सगळ्यांनीच ठरवलं. कुंड बांधलं, बोअरचं पाणी पाइपानं त्यात सोडलं. खोट एवढीच, की ते पाणी लोखंड खायचं. वर्षात पाइपाची चाळण.

नवा पाइप साहेबरावांनी दिला. अट एकच: टोकाला अर्धं पाण्यात बुडणारं पितळी गोमुख, आणि त्याच्या कपाळावर नाव, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं.

ओव्हरसियर संपत म्हणाला, "ह्या पाण्यात पितळाशेजारचं लोखंड जास्तच सडतं. लावायचंच तर मधी रबर घाला, अन् पाण्यात पाइपाला हा जस्ताचा तुकडा बांधा. पाणी आधी जस्त खाईल, लोखंड वाचंल. संपला की दुसरा बांधायचा."

"म्हंजे लोखंडाच्या वाट्याचा मार जस्तानं खायचा," चांगुणाबाई म्हणाल्या. "धाकट्या सुनंवानी."

रबरानं गोमुख वाकडं दिसतं म्हणून साहेबरावांनी रबर घातलंच नाही; जस्त तेवढं बांधलं. दोन महिन्यांनी जस्त अर्धं झालेलं दिसलं.

"मह्याच पैशाचं खाऊन राह्यलं की हे!" म्हणत त्यांनी तुकडाही सोडून घरी नेला.

निवडणूक आली. साहेबराव कुंडावर उभे राहून गरजले, "हे गोमुख हाय तवर मव्हा शब्द हाय. ते पडलं तर मला मत देऊ नका!"

मतदानाच्या आदल्या दिवशी चांगुणाबाई न्हाऊन उठल्या. रोज कठडा धरून उठायच्या; त्या दिवशी गोमुख धरलं. आटे पार सडलेले. गोमुख हातातच आलं.

"साहेबराव, तुमचा शब्द निघून आला की ओ!"

"मुद्दाम वढलं तुम्ही!"

"गुडघे दुखतेत, दादा. मंग आधार कुणाचा घ्यावा?"

साहेबराव पडले. पाइपाचं सडलेलं टोक वीतभर कापलं. गोमुख मोडीत घातलं आणि त्या पैशात पुढच्या कैक वर्षांचं जस्त आलं.

तेव्हा हिशेब असा: गुडघे गावाचे, पाइप साहेबरावांचा, आणि पाइप राखायला पाण्यात झिजणारं जस्त, तेही साहेबरावांचंच. फक्त त्यावर नाव नाही.