व्हर्नाआजीचा बरण्यांचा कुकर

मित्रांनो, तुमच्या घरातला कुकर डाळ-भात शिजवतो. मी मात्र बरण्या शिजवणारा एक जुना कुकर आहे. माझ्या पोटात सात काचेच्या बरण्या उभ्या मावतात. झाकणाला सहा जाड स्क्रू आहेत, वर वाफेचा दाब दाखवणारा घड्याळासारखा काटा आहे आणि झाकणाच्या आत रबराची रिंग. या तीन गोष्टी ठीक असल्या तर मी ठीक. त्यातली एक जरी बिघडली, तरी मी नुसतं एक जड पातेलं.

माझा जन्म एका ॲल्युमिनियमच्या कारखान्यात झाला. त्या वेळी मोठं युद्ध नुकतंच संपलं होतं. ऑगस्ट हावरकॅम्प नावाच्या शेतकऱ्याने मला अमेरिकेत, आयोवातल्या आपल्या शेतावर आणलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. त्याची बायको व्हर्ना माझ्याकडे बघतच राहिली.

"एवढं मोठं धूड? हे फुटलं तर छप्पर उडेल की हो!"

"छप्पर मी परत बसवीन," ऑगस्ट म्हणाला. "तू शेंगा भर."

आणि ती भरू लागली. तिकडचा हिवाळा लांब असतो. जमीन दगडासारखी गोठते, हिरवं पान दिसत नाही. म्हणून उन्हाळ्यात बागेत जे पिकेल ते बायका बरण्यांत भरून तळघरात ठेवतात. टोमॅटो आंबट असतात, काकड्या सिरक्यात घालतात, त्यांना माझी गरज लागत नाही. पण फरसबी, मका, वाटाणे यांचं तसं नसतं. मातीत एक जंतू असतो. नुसत्या उकळत्या पाण्याने तो मरत नाही, कितीही वेळ उकळा. बरणीचं झाकण घट्ट बसलं, आत हवा उरली नाही, की तो जागा होतो आणि विष तयार करतो. त्या विषाला ना वास, ना रंग, ना चव. त्या जंतूला मारायला उकळत्या पाण्याहूनही जास्त उष्णता लागते, आणि ती कोंडलेल्या वाफेतच मिळते. माझं काम तेवढंच होतं. पण ते काम मी चोख करत असे, हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

व्हर्नाला हे सारं पक्कं ठाऊक होतं. तिच्या लहानपणी नदीपलीकडचं एक कुटुंब असंच गेलं होतं. पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली, मग श्वास थांबला. दर उन्हाळ्यात शेंगा मोडता मोडता ती ही गोष्ट सांगायची. वसंतात ऑगस्ट मला गाडीत घालून तालुक्याच्या शेतकी कचेरीत न्यायचा. तिथल्या बाई माझा काटा तपासायच्या आणि म्हणायच्या, "व्हर्नाच्या कुकरसारखा लख्ख कुकर अख्ख्या तालुक्यात नाही." घरी आल्यावर ऑगस्ट ते वाक्य तिला दोन-तीनदा ऐकवायचा.

एका वर्षी गारपिटीने सगळं पीक झोपवलं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग आला. कापणी झाल्यावर सगळ्या कुटुंबाने एकत्र जेवून आभार मानायचा तो दिवस. पण आभार कशाचे मानायचे, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं. तेव्हा ऑगस्टने फरसबीची एक बरणी उघडली आणि प्रत्येकाच्या ताटात एकेक थंड शेंग ठेवली. "ही गारांच्या आधीची आहे," तो म्हणाला. "हिच्यापुरते तरी आभार माना."

तेव्हापासून त्या घराची ती रीतच झाली. टर्की, म्हणजे त्या सणाचा भाजलेला मोठा पक्षी, कापण्याआधी बरणी उघडायची, प्रत्येकाने एक शेंग खायची आणि एका गोष्टीचे आभार मानायचे. शेंग गरम करायची नाही, बागेतून आली तशीच खायची. मी माझं काम केलेलं असे, म्हणून ही रीत कधी कोणाला बाधली नाही.

पुढे ऑगस्ट वारला. मुलगा वेंडेल शेत बघू लागला. त्याची बायको लेओना शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करी. त्यांना ट्रूडी नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. व्हर्ना आता व्हर्नाआजी झाली होती. तिची बोटं वाकली, मला उचलताना ती कण्हू लागली. मला कचेरीत न्यायला कोणालाच वेळ होईना. "अजून चालतोय ना?" असं म्हणत वर्षं गेली. मी चुलीवरच्या फळीवर बसून राहिलो. माझी रिंग वाळत गेली.

एका वर्षी ऑगस्ट महिन्यात फरसबी अशी आली की दोन घमेली भरली. आजीने मला खाली उतरवलं, झाकण उघडलं. रिंगेला आरपार चीर गेली होती.

"आई, थांबा," लेओना कामावर जाता जाता म्हणाली. "शनिवारी शहरातून नवी आणू."

"शनिवारपर्यंत या शेंगा कुजतील. माझी आई कपडे उकळायच्या घंगाळात बरण्या उकळायची. आम्ही मेलो का?"

"अहो, नदीपलीकडची गोष्ट तुम्हीच सांगता ना?"

"त्यांनी नीट उकळल्या नसतील. आळशी लोक."

"शनिवारी आणू," लेओना दारातून म्हणाली आणि गेली.

आजीने घंगाळ चढवलं. दुपारभर पाणी खळखळत होतं, आजी घामाने भिजली होती. मी बाजूला रिकामा बसून बघत होतो. संध्याकाळी बरण्या ओळीने टेबलावर आल्या आणि गार होता होता त्यांची झाकणं टक्, टक् वाजत आत बसली. बरणी बंद झाल्याची ती खूण. आजीचा चेहरा खुलला. पण मित्रांनो, झाकण बसलं म्हणजे फक्त हवा बंद झाली. आत काय कोंडलं गेलं, ते झाकण सांगत नाही.

लेओना घरी आली. "अगं बाई! रिंग मिळाली वाटतं?"

"झालं म्हटलं ना," आजी म्हणाली आणि मला पुसू लागली.

ती खोटं बोलली नाही. पण खरंही बोलली नाही.

थँक्सगिव्हिंगला बर्फ भुरभुरत होता. स्वयंपाकघरात टर्की भाजत होती, बटाटे कुस्करून झाले होते. वेंडेलने बरणी आणली, झाकण उचकटलं, नाकाशी नेलं. "अहाहा! आई, टर्की लोकांना दाखवायला. खरा सण या बरणीत असतो."

"वास घेऊ नकोस रे, डुक्कर आहेस का? वाढ सगळ्यांना."

ट्रूडीने शेंगेकडे बघून नाक मुरडलं. "मला नाही आवडत."

"एक खा," लेओना म्हणाली. "आभार फुकट मानता येत नाहीत."

ट्रूडीने डोळे मिटून शेंग गिळली. "माझ्या मांजरीला पाच पिल्लं झाली, म्हणून आभार. आणि बाबांनी एकही कोणाला दिलं नाही, म्हणून पण."

"दिली नाहीत अजून," वेंडेल हसला. "आई म्हातारी झाली तरी शेंगा भरते, म्हणून माझे आभार."

"म्हातारी तुझी सासू," आजी म्हणाली आणि सगळे हसले. मग लेओना आणि ट्रूडीची पाठ वळल्यावर वेंडेलने उरलेल्या शेंगा बरणीतूनच बोटांनी काढून खाल्ल्या. लहानपणापासूनची खोड. आजीने ते पाहिलं आणि त्याच्या हातावर चापट मारली. लेओना तेव्हा टर्की बाहेर काढत होती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी वेंडेल गोठ्यातून आला तो भिंतीला धरून. त्याच्या पापण्या वर जात नव्हत्या. जीभ घोटाळत होती. "प्यायलास की काय?" लेओनाने आधी थट्टा केली, मग तिने त्याला नीट पाहिलं आणि गाडीची किल्ली शोधू लागली.

शनिवारी सकाळी भिंतीवरचा फोन वाजला. आजीने तो दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडून, दवाखान्यातून, लेओनाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आई, डॉक्टर म्हणतात पक्षाघात असेल. या वयात! आता हातही उचलवत नाहीये. त्यांनी विचारलंय, खाण्यात काही आलं का?"

आजीने फळीवर माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. नदीपलीकडच्या घरातल्या मिटत्या पापण्यांची गोष्ट तिनेच वर्षानुवर्षं आपल्या तोंडाने सांगितली होती.

"टर्की तर सगळ्यांनी खाल्ली," ती म्हणाली.

"शेंगा?"

"शेंगाही सगळ्यांनी खाल्ल्या. आपल्याला काही झालंय का?"

"नाही," लेओना म्हणाली. "खरंच. नाही." आणि तिने फोन ठेवला.

मित्रांनो, माझं झाकण मला उडवून देता आलं असतं तर मी ते उडवलं असतं. विष बरणीभर सारखं पसरतंच असं नाही, आणि वेंडेलने एक नव्हे, मूठभर शेंगा खाल्ल्या होत्या. हे जगात फक्त आजीला आणि मला ठाऊक होतं. ती खुर्चीत बसली. दोनदा उठून फोनपाशी गेली, तिने तो उचलला आणि परत ठेवला. मला वाटतं, तिला आपलं नाव गेल्याची भीती वाटत नव्हती. आपल्या हाताने आपल्या मुलाला हे झालं, ते शब्द तोंडातून बाहेर पडले की खरे होतील, याची तिला भीती होती. पक्षाघातच असू दे, अशी ती देवाची विनवणी करत होती. बघा, काय मागायची पाळी आली एका आईवर! तो सबंध दिवस असा गेला.

रविवारी सकाळी ट्रूडी न्याहारीला आली आणि आजीकडे बघून हसू लागली.

"आजी, तुला दोन नाकं आहेत."

"काय गं?"

"दोन नाकं. आणि दोन चष्मे. मांजरसुद्धा दोन दिसतंय. गंमतच!"

आजीच्या हातातली बशी पडली. मग मात्र ती थांबली नाही. वाकड्या बोटांनी तिने फोन फिरवला आणि दवाखान्यातल्या माणसाला ओरडून सांगितलं, "शेंगा! माझ्या शेंगा आहेत. मी कुकर वापरला नाही. उघड्या पाण्यात उकळल्या. माझ्या मुलाला सांगा, नाही, डॉक्टरला सांगा. आणि माझ्या नातीला न्यायला गाडी पाठवा, आत्ता!"

दूरच्या शहरातून विमानाने औषध आलं. ते विष पुढे जायचं थांबवतं, पण जे झालं ते परतवत नाही. ट्रूडीला ते वेळेवर मिळालं. काही दिवसांत तिला एकेकच वस्तू दिसू लागली. लेओनाला आणि आजीलाही डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं, पण त्यांना काही झालं नाही. वेंडेलला औषध मिळालं तेव्हा त्याची छातीसुद्धा हलत नव्हती. यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं. तो सगळं ऐकत होता, असं लेओना सांगायची, फक्त पापणी उचलू शकत नव्हता. जानेवारीत त्याला न्यूमोनिया झाला आणि तो गेला. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणायला यंत्र आणावं लागलं.

सरकारी माणसं तळघरातल्या बरण्या घेऊन गेली. लेओना ट्रूडीला घेऊन बहिणीकडे राहायला गेली. गाई विकल्या. आजी एकटी राहिली. तिने मला तळघरात नेऊन तोंड भिंतीकडे करून ठेवलं. त्या वर्षी कोणी बागेत बी टाकलं नाही.

पुढच्या शरदात दार वाजलं. लेओना आली होती, बरोबर ट्रूडी.

"कुकर कुठाय?" लेओनाने विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

"तळघरात. भंगारात दे."

"भंगारात नाही द्यायचा. माझ्याकडे राहील. नवी रिंग घालीन, काटा तपासून घेईन. ट्रूडीला शिकवायचंय. आमच्या घरात कोणी परत अंदाजाने शेंगा भरायच्या नाहीत."

ती मला उचलून वर घेऊन आली. ट्रूडी वर्षभरात उंच झाली होती. ती आजीच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"आजी, एक विचारू? आई म्हणते विचारू नकोस."

"विचार."

"तू शनिवारीच सांगितलं असतंस, तर बाबा वाचले असते का?"

लेओना मला हातात धरून दारातच थांबली. आजीला सहज म्हणता आलं असतं की देवाची मर्जी, किंवा डॉक्टरांनाच कळलं नाही, किंवा कोणास ठाऊक. त्या घरात येणारे शेजारी वर्षभर तिला हेच सांगत होते.

"हो," आजी म्हणाली. "बहुतेक वाचला असता."

ट्रूडीने मान हलवली. ती रडली नाही. लेओनाने मला टेबलावर ठेवलं, कोट काढला आणि खुर्ची ओढून बसली. ती गेली नाही.

मित्रांनो, आता माझी रिंग नवी आहे आणि दर वसंतात माझा काटा तपासला जातो. तुमच्या घरातही अशी एखादी राबणारी वस्तू असेल. "अजून चालते ना?" एवढंच विचारून तिला सोडून देऊ नका. तिला वर्षातून एकदा तरी नीट बघा. आणि तुमच्या हातून कधी चूक झाली, कोणाचा जीव तिच्यामुळे धोक्यात आला, तर लाजेपोटी वाट बघत बसू नका. लगेच जाऊन सांगा. ओरडा खावा लागेल, मार बसेल, नाव जाईल. ते सगळं नंतर भरून काढता येतं.