वाटीतलं पाणी

आमच्या हवामान केंद्रात खुर्च्या तीन आणि माणूस एक, म्हणजे मी. त्या दिवशी आम्ही सव्वा माणसं होतो. पिटुकलीला सांभाळणारी माझी नणंद तिच्या घरी तापाने फणफणली होती, म्हणून आठ महिन्यांची लेक माझ्या टेबलाशेजारी चटईवर लोळत होती.

अंगणात पांढऱ्या पट्ट्यांची लाकडी पेटी आहे. आत दोन तापमापक. एक कोरडा. दुसऱ्याच्या पाऱ्यावर मलमलची वात गुंडाळलेली, तिचं टोक खाली पाण्याच्या वाटीत. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी भराभर उडतं आणि ओला पारा थंड राहतो. हवेत ओल आली की दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकतात. पावसाळ्याच्या तोंडावर या वाळवंटात आम्ही त्या अंतराकडेच डोळे लावून बसतो. वादळ उठतं डोंगरात. आमच्याकडे येतं ते फक्त त्याचं पाणी, कोरड्या नदीतून, वर आभाळ निळंशार असताना.

दुपारी अडीचला नोंद घेताना पिटुकली कडेवर होती, घामोळ्यांनी हैराण होऊन माझ्या कानात किंचाळत. कोरडा चव्वेचाळीस. ओला एकतीस. आदल्या दिवशी याच वेळी बावीस होता. शहरात साहेबांना फोन लावला.

"एकतीस? नीट बघितलंस?"

"या डोळ्यांनी बघितलं, साहेब."

"संध्याकाळी डोंगरात गडगडाटाचा अंदाज आहेच. फाटक पाडायला सांगतो."

नदीच्या दोन्ही काठांवर आडवे दांडे आहेत, त्यांना आम्ही फाटक म्हणतो. मधे पाऊण किलोमीटर वाळू, पलीकडे खाणवस्ती. तिथे दिवसाआड पाण्याचा टँकर जातो आणि तो चालवतो माझा नवरा.

दहा मिनिटांत त्याचा फोन.

"बाईसाहेब, तुमच्या खात्याने आम्हाला इथे वाळत घातलंय. ढगाचा एक पुंजका दाखवा आणि चहा घ्या माझ्याकडून."

"थट्टा नको. आकडा वाईट आहे. थांब तिथेच."

"थांबलोय गं. पण वस्तीत कालपासून हंडे पालथे आहेत. आत्याचा तीनदा फोन झाला. म्हणते, ओठ चिकटायला लागलेत."

आत्या म्हणजे त्याची आत्या, वस्तीतच राहते. त्याला हिनेच वाढवलं.

साडेतीनला पिटुकलीच्या डोक्यावरचं फडकं पुन्हा भिजवायला मी डिस्टिल्ड वॉटरची बाटली उचलली, आणि हात तसाच राहिला. बाटलीत तळाशी दोन बोटं पाणी. सकाळी वाटी भरायला ही बाटली काढली होती. नळाचं पाणी खारट, तिच्या घामोळ्यांना झोंबतं, म्हणून आधी फडकं भिजवलं. मग ती रडली, मग तिला पाजलं, मग ती झोपली. वाटी राहूनच गेली.

अनवाणीच अंगणात पळाले. तळवे भाजले. वाटी ठणठणीत कोरडी, वात कडक झालेली. अडीचलाच वात वाळत आली असणार, उडायला पाणी पुरेना म्हणून पारा चढला होता. हवेत ओलबिल काही नव्हती. उरलेलं पाणी वाटीत ओतलं, वात भिजवली आणि पंधरा मिनिटं तिथेच उभी राहिले. बावीस.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. अंदाज चुकतातच. पण आत्याचे ओठ डोळ्यांसमोरून जाईनात. फोन केला.

साहेब म्हणाले, "पाळणाघर काढलंयस का तिथे?"

"नाही, साहेब."

"वहीत लाल शाईने लिही. काय झालं ते, तसंच्या तसं."

चारला फाटक उघडलं. नवऱ्याचा निरोप आला, 'सुटलो. टँकर रिकामा करून सहापर्यंत परत.' मी लाल शाईने लिहिलं, 'वाटी कोरडी. चूक माझी.' पिटुकलीने पानाचा कोपरा चघळला.

साडेपाचला दार धाडकन आपटलं. डोंगराकडून वारा आला होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो भाजत नव्हता. लेकीला तशीच काखेत मारून पेटी गाठली. कोरडा सदतीस. ओला सत्तावीस.

नवऱ्याला फोन लावला. लागेना. वाळूत उतरलं की त्याचा फोन लागत नाही. लागत नव्हता, म्हणजे तो उतरला होता का?

साहेबांना सांगितलं.

"दुपारी एकतीस, मग बावीस, आता सत्तावीस. तुझा तो पारा आहे की लिफ्ट?"

"वाऱ्याची दिशा बदललीय, साहेब. डोंगरात पडतोय."

"इथून मला काही दिसत नाही. एका दिवसात दोनदा फाटक पाडलं तर उद्या कोण ऐकेल आपलं?" मग, "वाटी बघितलीस?"

"बघितली."

"बोट घालून बघ. मी धरतो फोन."

पुन्हा अंगण. बोट वाटीत घातलं. नखाच्या वरपर्यंत बुडालं. परत येऊन ओल्या बोटानेच फोन उचलला. "भरलेली आहे, साहेब."

"दोन्ही काठ बंद करतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

नंतर मला करण्यासारखं काहीच नव्हतं. पिटुकलीला पाजायला घेतलं. नेहमी तिच्या पायांशी खेळते, त्या दिवशी घट्ट धरून बसले. एकच विचार डोकं पोखरत होता. तो खोटा आकडा तसाच ठेवला असता तर फाटक बंद राहिलं असतं आणि हा अलीकडे, टँकरच्या सावलीत, मला नावं ठेवत बसला असता. खरं सांगून मीच त्याला पलीकडे पाठवलं होतं. सहा वाजले. सव्वासहा. खिडकीतून आभाळ बघत होते, एक ढग नव्हता. डोंगरामागे मात्र काहीतरी लुकलुकत होतं, आवाज न करता.

सहा वाजून चोवीस मिनिटांनी फोन वाजला.

"ऐक ना, कधीचा लावतोय," तो म्हणाला. पुढचं काहीच कळेना, नुसती घरघर.

"कुठे आहेस? अरे, इंजिन बंद कर आधी, ऐकू येत नाहीये!"

"इंजिन बंदच आहे," तो ओरडला. "पलीकडच्या काठावर उभा आहे. पुढची चाकं वाळूत होती, तेवढ्यात फाटकवाला शिव्या घालत धावत आला."

फोनमधून नदी ऐकू येत राहिली. पिटुकली दूध सोडून त्या आवाजाकडे बघायला लागली.

"आत्या विचारतेय," जरा वेळाने तो म्हणाला, "आज रात्री तुम्ही दोघीच. घाबरशील का?"

"नाही," मी म्हटलं. ते मात्र खोटं होतं, आणि ते मी कुठल्याच वहीत लिहिलं नाही.