घरातली शेवटची कुरकुर

तेलाच्या फवाऱ्याचा तो डबा नंदकुमारांच्या हातात आला आणि घरातल्या एकाही वस्तूची धडगत राहिली नाही. आणला होता फक्त सेफ्टी डोअरच्या कडीसाठी. कडी अशी अलगद सरकली की गडी हुरळूनच गेला. मग दारांच्या बिजागऱ्या झाल्या, लोखंडी कपाटाचं कुलूप झालं, कित्येक वर्षं अडून बसलेली सरकती खिडकी झाली. बॅगेची चेन झाली, न मिटणारी छत्री झाली. नव्या बादलीवरचं लेबल नखांनी खरवडून निघेना, त्यावर फूस् केलं, फडकं फिरवलं, बादली लख्ख. शेजारचा धवल स्कूटरच्या कुलपासाठी डबा मागायला आला, तेव्हा हे स्वतःच त्याच्याबरोबर खाली गेले. आपला डबा दुसऱ्याच्या हातात देणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून इतका खूश माणूस घरात कुणी पाहिला नव्हता. एरवी नंदकुमार म्हणजे बारमाही कुरकुर. लिफ्ट बंद का, कबुतरांना दाणे कोण घालतं, पाणी आज बारीक का, चेअरमनची गाडी दोन गाड्यांच्या जागेत का. बोरीवलीतल्या त्या सोसायटीला त्यांची कुरकुर पाठ होती, आणि त्यांच्या बायकोला, माणिकताईंना, तर तिचा मनापासून वीट आला होता.

"घरातल्या सगळ्या कुरकुरी बंद केल्यात तुम्ही," त्या म्हणाल्या. "एकच राहिली. तोंड उघडा, तिच्यावरपण मारते."

खरं तर आणखी एक राहिली होती, हॉलमधल्या झोपाळ्याची. आणि आता ती बंद करणं भागच होतं. सून गार्गी बाळंतपणासाठी नोकरी सोडून घरी बसली होती. आता मनासारखी एक नोकरी चालून आली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिची मुलाखत होती, घरूनच, लॅपटॉपवर. मैत्रिणीशी सराव करताना मैत्रिणीने विचारलं, मागे कुणी करवत चालवतंय का? गार्गीचा चेहरा उतरला. नंदकुमारांनी मात्र बाह्या सरसावल्या. नात गंधाली आजीबरोबर बागेत गेली असताना त्यांनी खिडक्या उघडून झोपाळ्याच्या चारही कड्या फवारल्या, ओघळ पुसले, आणि झोपाळा हवेसारखा हलायला लागला. उद्याची काळजी करू नकोस, पोरीला मी झोपवतो, असा शब्दही त्यांनी सुनेला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी माणिकताई भाचीच्या डोहाळजेवणाला मुलुंडला गेल्या. मुलगा शौनक ऑफिसात. गार्गी बेडरूममध्ये शिरली, दार लोटलं, आणि नंदकुमार नातीला मांडीवर घेऊन झोपाळ्यावर बसले. नेहमी पाच-दहा झोक्यांत डोळे मिटणारी गंधाली टक्क जागी. तिने छताकडे पाहिलं, कड्यांकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहून ओठ काढले. जन्मल्यापासून ती ज्या आवाजावर झोपत होती तो आजोबांनी कालच पुसून टाकला होता. नंदकुमारांच्या हे लक्षात आलं तेव्हा पोरीने भोकाड पसरलं होतं.

त्यांनी तोंडाने "कुर्र, कुर्र" करून पाहिलं. ती क्षणभर गप्प झाली आणि मग दुप्पट रडली. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने बेडरूमचं दार हळूच उघडलं. आधी ते दार ढकलल्याशिवाय हलत नसे. बिजागऱ्यांना तेल पाजणारेही हेच. त्यांनी जाऊन दार लोटलं. ते पुन्हा उघडलं. फटीतून गार्गीची पाठमोरी मान दिसत होती, ताठ. आपल्या हौसेपायी सुनेची नोकरी जाणार, या विचाराने नंदकुमारांना रडू यायचं बाकी राहिलं.

ते मटकन झोपाळ्यावर बसले आणि सवयीने सुरू झाले. अगदी हळू आवाजात, एका सुरात. "लिफ्ट बंद. परवापण बंद. सांगायचं कुणाला. कबुतरांना दाणे घालतात आणि वाळत घातलेली चादर आमची खराब. पाणी बारीक. कुणाला कशाची पडलेली नाही..." गंधालीचं रडणं हुंदक्यांवर आलं. तिने त्यांच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं. कबुतरांचा विषय संपेपर्यंत तिच्या पापण्या जड झाल्या होत्या. थांबलं की ती डोळे उघडायची, म्हणून नंदकुमार थांबलेच नाहीत. खोदलेला रस्ता, महागलेला नारळ, जिन्यातला दिवा, सगळं काढलं.

बऱ्याच वेळाने गार्गी बाहेर आली. तिचे डोळे भरलेले होते.

"बाबा, दार उघडं होतं," ती हळूच म्हणाली. "रडणं तिकडे ऐकू गेलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, कामावर आलात तर बाळाकडे कोण बघणार?"

"मग?"

"मी म्हटलं, एक मिनिट ऐका. आणि लॅपटॉप दाराकडे वळवला." तिने हसत डोळे पुसले. "तुमचं नारळावर चाललं होतं. तिकडे सगळे हसायला लागले. एक तारखेपासून या म्हणाले."

नंदकुमारांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. कुरकुर केव्हाच थांबली होती. आणि तेवढ्या शांततेने गंधाली चुळबुळली.

माणिकताई मघाशीच आल्या होत्या. बाहेरचं दार न वाजता उघडल्यामुळे त्या मागे उभ्या आहेत हे कुणाला कळलंच नव्हतं. सगळं त्यांनी ऐकलं होतं. संसारात पहिल्यांदाच त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "अहो, थांबू नका. चेअरमनच्या गाडीचं राहिलंय."