एका शब्दाची संथा

माझ्या जिभेला हाड नाही, हे माहेरीही सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती जीभ मी त्या एका दुपारी आवरली असती, तर माझा विश्वेश आज घनपाठी झाला असता. हे मी कुणापाशी कबूल करत नाही. इथे करते.

आमचं घर गंगेकाठी, रामघाटाच्या गल्लीत. माझे यजमान, नीलकंठ गुरुजी, घराच्या खालच्या मजल्यावर वेदपाठशाळा चालवतात. मी मुलींच्या एका इंटर कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि गेल्या माघात निवृत्त झाले. पण या घरात माझं इंग्रजी म्हणजे वाणसामानातली हिंगाची डबी, लागेल तेव्हा चिमूटभर. बिजलीचं बिल आलं की काकूंना दाखवा, बँकेचा कागद आला की काकूंना दाखवा. तेहतीस वर्षांत ह्यांनी मला एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही. अर्थ हा विषयच ह्यांच्या घरात नव्हता.

ह्याचं बाहेरच्यांना नवल वाटतं, म्हणून सांगते. वैदिक म्हणजे वेद म्हणणारा, तो पुस्तकातून शिकत नाही. गुरू म्हणतो, शिष्य ऐकून दोनदा म्हणतो, त्याला संथा म्हणतात. दहा-बारा वर्षं अशी संथा घेतली की सगळी संहिता तोंडात बसते. मग येतो घन. त्यात एक शब्द पुढच्या शब्दाला जोडून म्हणायचा, मग उलटा, मग पुन्हा सुलटा, मग तिसरा शब्द घेऊन पुन्हा तसंच, मागेपुढे, मागेपुढे. स्वर इकडचा तिकडे होता कामा नये. त्या सगळ्यात अर्थ कुठेच नसतो. अर्थ पंडितांनी बघावा, आम्ही ऐकलं तसं पुढे द्यायचं, असं हे म्हणतात.

विश्वेशचा घन पुरा झाला होता. चैत्रात त्याची परीक्षा होती. तीत उतरला की पाठशाळा त्याच्या हाती जाणार, कारण ह्यांच्या छातीत आता पहिल्यासारखा दम राहिलेला नाही, आणि आमच्या घरात विश्वेशशिवाय दुसरा घन म्हणणारा नाही. तो हुकला तर पाठशाळा ह्यांच्याबरोबरच संपणार. सगळं त्या एका परीक्षेवर होतं.

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजातल्या मुलींनी मला एक जाडजूड इंग्रजी कोश भेट दिला. मी तो जेवणाच्या खोलीत मिरवत आणला. विश्वेश भात कालवत म्हणाला, "आई, तुमच्या इंग्लिशचं बरं आहे. सगळं देख के वाचायचं. पाठ करण्यासारखं काही नाहीच."

झोंबली मला मिरची. मी कोश उघडला, 'सेट' हा शब्द काढला आणि बोटाने दाखवला. तो अडीच पानं पसरला होता. सूर्य मावळणे, दही लागणे, हाड बसवणे, गजर लावणे, परीक्षेचा पेपर काढणे, सापळा मांडणे, भांड्यांचा संच, सिमेंट घट्ट होणे. एकूण एकशे चौऱ्याण्णव अर्थ.

"एवढा एक शब्द पाठ करून दाखव," मी म्हटलं. "मग बोल."

हे हसले. "चार दिवसांत करेल तो."

"पण पुस्तकातून नाही करणार," विश्वेश म्हणाला. "संथा दे."

मग सहा दिवस, रोज दुपारी तीन वाजता, आम्ही गच्चीवर बसलो. खाली गंगेवर मोटरवाल्या नावांची घरघर चाले. तो आधी माझ्या पायांवर डोकं ठेवी, मांडी घालून बसे. मी एक अर्थ म्हणे, तो दोनदा म्हणे, मान वरखाली करून, अगदी खालच्या मजल्यावर म्हणतो तसं. माझा मुलगा माझ्यासमोर शिष्य होऊन बसला होता. मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू. सहाव्या दिवशी त्याने एकशे चौऱ्याण्णव अर्थ एका बैठकीत म्हणून दाखवले आणि मी गल्लीतल्या सगळ्यांना पेढे वाटले.

तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण तो म्हणाला, "आई, एवढे अर्थ असतील तर वाचणाऱ्याला कळतं कसं, कोणता घ्यायचा?"

आणि मी मास्तरीण. तीस वर्षं वर्गात सांगितलेलं उत्तर त्यालाही दिलं. "शेजारचे शब्द बघायचे. शेजारी कोण बसलंय त्यावरून अर्थ ठरतो."

तो मान डोलावून खाली गेला. मला वाटलं, पटलं.

दोन दिवसांनी सकाळी मी पोळ्या लाटत होते. खालून विश्वेशचा घन ऐकू येत होता. त्या आवाजावर माझं घर चालतं, कुकरच्या शिट्टीकडेसुद्धा मी तेवढं लक्ष देत नाही. तो आवाज थांबला. ह्यांनी जमिनीवर बोटांनी ठोका दिला. विश्वेशने पुन्हा सुरुवात केली आणि पुढे गेला. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी पुन्हा थांबला. तिसऱ्या दिवशीही.

शब्द साधा होता. गो. दर सूक्तात येतो म्हणाना. जेवताना ह्यांनी विचारलं, "काय अडतं रे तिथे?"

"अडत नाही बाबा. गो म्हणजे गाय ना? पण किरणही आहे, वाणी आहे, पृथ्वी आहे, धनुष्याची दोरीसुद्धा. मी अर्थ सांगणाऱ्या पंडितजींना विचारलं. शेजारच्या शब्दावरून ठरतं. मी सुलटं म्हणतो तेव्हा तो किरण असतो. घनात मागे फिरलो की शेजारी बदलतो. मग तो गाय होतो. परत फिरलो की तिसरंच काही. तो एका जागी राहतच नाही."

ह्यांचा घास हातात राहिला. "अर्थ बघायचा नाही," ते हळू म्हणाले. "घाटाच्या पायऱ्या उतरताना कोणी पायांकडे बघतं का? बघितलं की घसरतो."

मग ते माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तू त्याला दिलेली संथा परत घे," एवढंच म्हणाले.

परत कशी घेणार? आमच्या घरात पाठ झालेलं विसरायची सोय नाही. बारा वर्षं त्याला त्याचीच सवय लावलेली. मी काय काय करून पाहिलं. कोश ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. त्याला गच्चीवर नेऊन चक्क खोटं सांगितलं, "हे कोशवाले पानं भरायला काहीही लिहितात. शब्दाला अर्थ एकच असतो. गो म्हणजे गाय, बस, संपलं."

तो प्रेमाने हसला. लहान मूल काही बोललं की आपण हसतो ना, तसा. "तू टेन्शन नको घेऊ, आई," म्हणाला.

त्याची जेवणं कमी झाली. कोणी काही बोललं की तो लगेच उत्तर देत नसे, आधी बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत राही. मी एकदा म्हटलं, "पाणी घे." त्याने पेला हातात घेतला आणि कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. मी पुन्हा म्हटलं नाही. पुन्हा म्हणायची मला भीती वाटली.

परीक्षा ब्रह्मा घाटाजवळच्या एका मठात होती. बारा वैदिक अर्धगोलात बसले होते. मधोमध बिंदुमाधव गुरुजी, वय एक्याऐंशी, साठ वर्षांत ज्यांचा एक स्वर चुकलेला कोणी ऐकला नाही. बायका मागे, खांबांपाशी. गुरुजी एक ऋचा सांगणार आणि थांब म्हणेपर्यंत विश्वेशने तिथून पुढे म्हणत जायचं. तीनदा अडलं तर परीक्षा संपली.

पाऊण तास तो असा म्हणत होता की माझे डोळे भरून आले. बाराही जणांचे ओठ त्याच्यासोबत मुकाट्याने हलत होते. मग ती ऋचा आली. गो एकदा म्हणाला, उलटा म्हणाला, आणि थांबला.

बिंदुमाधव गुरुजींनी शब्द सांगितला. विश्वेश बोलला नाही. त्यांनी पुन्हा सांगितला.

"शब्द आठवतोय, गुरुजी," विश्वेश म्हणाला. "कोणता, ते सांगा."

"कोणता म्हणजे?"

"तुम्ही आत्ता म्हणालात तो. गाय की किरण की वाणी? सुलटं म्हणताना वेगळा होता. तुम्हाला कोणता दिसला?"

कोणी हसलं नाही. मी पाहिलं, बाराही जणांचे ओठ हलायचे थांबले होते. एकेकजण आत कुठेतरी शोधत होता, घरातल्या घरात किल्ली शोधावी तसा. बिंदुमाधव गुरुजींनी डोळे मिटले. ते उघडले तेव्हा तो माणूस मला म्हातारा दिसला, याआधी कधी दिसला नव्हता.

"पुढे म्हण," ते म्हणाले. तिसऱ्यांदा.

विश्वेशने नमस्कार केला आणि उठला.

घरी येताना गल्लीत ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. मला वाटलं, यापेक्षा वाईट आता काही व्हायचं नाही. मुलगा हातातून गेला, पाठशाळा जाणार, आणि ते माझ्यामुळे. घरी गेल्यावर विश्वेश गच्चीवर जाऊन बसला आणि तो एकच शब्द सुलटा-उलटा म्हणू लागला, अगदी सावकाश.

चौथ्या दिवशी वेणीमाधवचा फोन आला. बिंदुमाधव गुरुजींचा मुलगा. "काकू, गुरुजी आहेत का? बाबा परवापासून एकाच जागी अडतात. पुढे जातच नाहीत. उधर परीक्षेला होते ना, त्या शास्त्रीजींच्या घरीही तेच चाललंय म्हणे. तुमच्याकडे सब ठीक ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं. ह्यांना काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे नेहमीप्रमाणे खाली एकटेच म्हणायला बसले. मी दुधाखाली गॅस लावला आणि ऐकत उभी राहिले. ती ऋचा किती दूर आहे ते मला माहीत होतं. मला कोणी कधी संथा दिली नाही, पण तेहतीस वर्षं या भिंतींतून ऐकून मलाही सगळं येतं. ओळी जवळ येत गेल्या. आता, मी मनात म्हटलं, आता जा पुढे, बघू नका, नुसते उतरा.

ते तो शब्द म्हणाले. उलटा म्हणाले. आणि खाली शांत झालं.

पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता. या घरात बाईने तो उच्चारायचा नसतो. मी जिन्यात येऊन उच्चारला, मोठ्याने, बरोबर स्वरात.

त्यांनी तो घेतला नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि फार नम्रपणे, शिष्याने विचारावं तसं विचारलं, "शरदिनी, याच्या आधीचा तो गो, त्याचा अर्थ काय गं?"

तेहतीस वर्षं मी ह्याच प्रश्नाची वाट पाहत होते. गाय म्हणावं तर तो किरण होई, किरण म्हणावं तर वाणी. मागे दूध उतू जात होतं आणि माझ्याकडे सांगायला एकसुद्धा अर्थ नव्हता.