टिटवीची अंडी

"तुना साहेबना घरमा कोंबड्या नहीत का रे, रुपचंद?" धुरपदाबाईनं विचारलं.

साहेब तापीच्या वाळूत पालथा पडून दुर्बिणीतून पाणकावळे पाहत होता. रुपचंद त्याचा भुसावळचा कारकून. तो हसला. "शेतस ना अक्का. पन त्या कापीसन खातस. ह्या नुसत्या देखतस."

धुरपदाबाई नाक मुरडून पुढे झाली. पाखरांची ठिकाणं तिच्याइतकी त्या काठावर कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून पाटलानं साहेबाला तिच्याकडेच धाडलं होतं. मागून घागर घेऊन सून ताईबाई येत होती. वर्ष झालं, ती सासूशी बोलत नव्हती.

दर जेठात धुरपदाबाई टिटवीची अंडी पाहून यायची. अंडी काठावर उंच असली तर पूर मोठा. खाली पाण्याजवळ असली तर नदीला घाई नाही, पात्रातल्या टरबुजांच्या वाड्या खुशाल राखा. अख्खा गाव तिच्या शब्दावर चालायचा. गेल्या साली अंडी पाण्याला लागून होती. "ऱ्हाय निवांत," ती लेकाला म्हणाली. अभिमन वाडीतल्या खोपीत निजला. वर कुठंतरी पाऊस झाला. सकाळी खोपी नव्हती, आणि अभिमनही.

डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली. धुरपदाबाई थबकली. ठिपक्यांची चार अंडी, यंदाही ओल्या वाळूच्या कडेला. ताईबाईनंही पाहिली.

खालच्या वाडीतून भाईदासनं हाक दिली. खोपीच्या दाराशी त्याची बायको लेकराला पाजत बसली होती.

"अक्का, अंडा कोठे शेतस? आखो आठ दिन ऱ्हाऊ का?"

धुरपदाबाईनं उभ्या जन्मात माणसांना हवं ते सुनावलं असेल. नदीच्या बाबतीत खोटं कधी बोलली नव्हती.

"वर शेतस," ती म्हणाली. "पार काठवर. आजच घर चाल."

"नीट देखं ना? मना बठ्ठा माल कच्चा शे, अक्का."

धुरपदाबाई अंड्यांच्या आड सरकून उभी राहिली.

"मी बी देखं, भाऊ," मागून ताईबाई म्हणाली. "वरच शेतस."

धुरपदाबाईनं वळून पाहिलं नाही. भाईदासनं नदीला दोन शिव्या घातल्या आणि खोपीच्या ताट्या सोडायला घेतल्या. एकेक ताटी निघाली तसं मेढींमधून पलीकडचं पाणी दिसू लागलं. शेवटची मेढ उपटून निघेपर्यंत सासूसुना तिकडं पाहत उभ्या राहिल्या.