जहाजाच्या टोकाचा सूट

प्रवास कंपनीच्या ऑफिसात दोघी बहिणी जहाजाचा नकाशा पसरून बसल्या होत्या. धाकटी गेल्याच महिन्यात नर्सच्या नोकरीतून सुटली होती. तिने बोट थेट जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या आलिशान खोलीवर ठेवलं. "ताई, हाच सूट! समोर नुसता समुद्र. जन्मभर लोकांच्या चादरी बदलल्या, आता आठ दिवस थाटात राहायचं."

ताईने नाक मुरडलं. "पुढचा नको गं. अंधार पडला की जाड पडदे ओढून बसावं लागतं. वरच जहाज चालवणारे असतात, आपल्या उजेडाने त्यांना पुढचं दिसत नाही."

एजंट खूश झाला. "अगदी बरोबर! हे आमच्या माहितीपत्रकातसुद्धा नाही. मॅडम राहून आलेल्या दिसतात."

ताई एकदम चष्मा पुसायला लागली.

धाकटीने मनात हिशोब लावला. ताई जन्मात एकदाच आठ दिवस गायब झाली होती. 'ऑफिसने बाहेरगावी पाठवलंय, फोन लागणार नाही,' असं सांगून गेली होती. त्याच आठ दिवसांत आई गेली, दाराकडे डोळे लावून. आणि धाकटी वेड्यासारखी आईची समजूत काढत होती, "ताईला सुट्टी मिळत नाहीये गं."

"मग कुठला देऊ?" एजंटने विचारलं.

"हाच द्या, माझ्या एकटीसाठी," धाकटी म्हणाली. ताईकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. "पडद्यांचं मला काही वाटत नाही. आईला उजेड सोसायचा नाही, तेव्हा तीन महिने मी पडदे ओढूनच बसले होते."